कुत्रं आडवं आलं नव्हतं

माझा आवाज मोठा आहे. उभं आयुष्य पिठाच्या गिरणीत गेलं. दोन चक्क्या घरघरत असताना गिऱ्हाइकाला 'जाड का बारीक' एवढं विचारायचं तरी घसा ताणावा लागतो. तेव्हा हे वाचताना मी ओरडतेय असं वाटलं तर रागावू नका. पाय मोडला होता, तोंड शाबूत आहे.

लिहायला बसले ते गिरणीवर येणाऱ्या बायांमुळं. आमच्या भागात असं घर शोधून सापडायचं नाही, ज्यातलं कुणी रस्त्यावर पडलेलं नाही. डबा खाली ठेवला की बाई हळूच विचारते, काकू, तुमी काय केलं? कुठं गेल्या? पोलिसात सांगितलं का? मी सांगायला लागते. दळण संपतं आणि गोष्ट अर्धीच राहते. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. हाडांचं डॉक्टरांना विचारा, मी बाकीचं सांगते.

ती संध्याकाळ

माझी लेक पूनम घोडेगावच्या पुढं दिलेली आहे. तिला तेव्हा दिवस गेले होते आणि पोरीला अन्नाचा वाससुद्धा सहन होत नव्हता. फक्त माझ्या हातचं लिंबाचं लोणचं आणि बाजरीच्या खारवड्या, एवढंच तिला पाहिजे होतं. गिरणी मालकांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या हवाली केली आणि स्कूटी काढून निघाले.

उसाचा सीझन होता. घोडेगाव ओलांडलं आणि ओढ्यावरच्या पुलाच्या अलीकडं बघते तर आमचे व्याही, भाऊसाहेब, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उकिडवे बसलेले. ट्रॅक्टरला उसाच्या दोन ट्रॉल्या, मागच्या ट्रॉलीचं टायर फुटलेलं. निम्मी ट्रॉली डांबरावर. मागं त्यांनी मोठमोठे दगड ओळीनं लावून ठेवले होते. मी थांबले, विचारपूस केली. ते म्हणाले, पुढं व्हा, पूनम वाट बघतीय, टायर आलं की मी आलोच.

आता हे दगडाचं परक्या मुलखातल्या माणसाला सांगावं लागेल. आमच्याकडं गाडी बंद पडली की मागं दगड लावायचे, नाहीतर बाभळीची फांदी तोडून टाकायची. मागून येणाऱ्याला कळावं म्हणून. हेतू चांगलाच. पण गाडी दुरुस्त झाली की माणूस इतका वैतागलेला, इतका उशीर झालेला असतो, की स्टार्टर मारतो आणि जातो. दगड तिथंच. आठ-आठ दिवस दगड तिथंच. सगळे असंच करतात. मालक टेम्पो चालवायचे तेव्हा तेही हेच करायचे आणि मी शेजारी बसलेली असायचे. कधी मनात आलं नाही की उतरावं आणि चार दगड बाजूला ढकलावेत.

दिवेलागणीला परत निघाले. पूनमनं दारात अडवलं आणि जावईबापूंचं हेल्मेट माझ्या डोक्यात कोंबलं. मी कुरकुर केली, अंबाडा बसत नव्हता. ती म्हणाली, अंबाडा सोड पण हेल्मेट घाल. त्या पोरीच्या हट्टानं मी आज लिहितेय.

पुलाजवळ समोरून ट्रक आला, लाईट सगळा डोळ्यात. क्षणभर काही दिसेना. ट्रॅक्टर गेलेला होता, म्हणून मी निवांत कडेनं चालले होते. पुढचं चाक दगडावर गेलं, मी एका बाजूला, स्कूटी माझ्या पायावर. दुखलं नाही. आधी खरंच दुखलं नाही. पाय भलतीकडंच वळलेला दिसला आणि मग बोंब ठोकली. गिरणीतला आवाज त्या दिवशी कामाला आला. पलीकडच्या ढाब्यावरची माणसं पळत आली.

कांद्याच्या गोण्यांवर

कांदा घेऊन जाणाऱ्या पिकअपवाल्यानं मला गोण्यांवर झोपवलं आणि नगरला आणलं. अहिल्यानगर म्हणायचं आता, पण जिभेला वळण पडलंय. तो पोरगा सगळा रस्ता मागं वळून म्हणत होता, मावशी, डोळं मिटू नका. मी म्हटलं, बाबा, तू पुढं बघ आधी, न्हाईतर दोघं झोपू.

दवाखान्याच्या दारात तो घाबरला. आपल्यालाच पोलिसात बसवतील, असं त्याला वाटत होतं. तिथल्या सिस्टरनं त्याला समजावलं की जखमीला आणणाऱ्याला कुणी अडवून धरू शकत नाही, नाव सांगायची सक्तीसुद्धा नाही, तसा कायदाच आहे. तरी त्यानं आपणहून नंबर लिहून दिला. हे मुद्दाम सांगते, कारण या भीतीपायी आपण पडलेल्या माणसाला वळसा घालून पुढं जातो.

मालक आले तेव्हा मी शुद्धीत होते. त्यांच्या कानात सांगितलं की पाव्हण्यांचे दगड होते. त्यांचा चेहरा उतरला. तेवढ्यात दवाखान्याचा माणूस विचारायला आला, अपघात कसा झाला? मालक माझ्याकडं न बघता म्हणाले, "कुत्रं आडवं आलं."

मी ते ऐकलं. पोरीचे सासरे आहेत, पोरगी दोन जिवांची आहे, हे मलाही कळत होतंच. मग इंजेक्शन दिलं आणि मला झोप लागली.

हाडांच्या वॉर्डातली कुत्री

मांडीचं हाड दोन ठिकाणी. आत दांडा घातला. शुद्ध आल्यावर पहिलं काय आठवलं असेल? गिरणीत बाजरीचं दळण घेतल्यावर चक्की झाडली असेल का, हे. नव्हती झाडली. पुढं महिनाभर गावानं गव्हाच्या पिठात बाजरी खाल्ली आणि मालकांना शिव्या दिल्या.

दवाखान्याचा दिवस लवकर सुरू होतो. आधी ताप, मग गोळ्या, मग झाडूवाली, मग डॉक्टर, आणि मग दिवसभर वरच्या पंख्याकडं बघणं. सगळ्यात लाज वाटायची ती बेडपॅनची. ज्या बाईनं कधी कुणाकडून पाण्याचा तांब्या मागितला नाही, तिला हे दुसऱ्याच्या हातून करून घ्यायचं. पहिल्या दिवशी मी रडले. आमच्या आयाबाई म्हणाल्या, रडा आता, पण पोट फुगवून घेऊ नका, मला डबल काम पडतं. मला हसू आलं. त्यानंतर लाज गेली.

शेजारच्या बेडवर सुप्याच्या कंपनीत कामाला असणारी एक बाई होती. उलट्या बाजूनं आलेल्या टेम्पोनं तिला उडवलं होतं. तिच्या भावानं त्याच दिवशी टेम्पोचा नंबर, फोटो, पोलिसात तक्रार, सगळं केलं होतं. मी कशी पडले विचारल्यावर मी म्हटलं, कुत्रं. ती हसायलाच लागली.

कारण अख्ख्या वॉर्डात कुत्रीच कुत्री होती. पलीकडच्या मामांना कुत्रं आडवं आलं होतं. खरं म्हणजे त्यांचा पुतण्या मोबाईलवर बोलत गाडी चालवत होता. दारापाशी एक तरणाबांड गडी होता, त्यालाही कुत्रं. तो प्यालेला होता, त्याच्या आईनंच मला सांगितलं. एका बाईच्या नवऱ्यानं मागं लाल दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीला धडक दिली होती, पण ट्रॉली गावातल्या पुढाऱ्याची, म्हणून तिथंही कुत्रंच. एकाला रात्रीत कुणीतरी घरासमोर घातलेला, पट्टे नसलेला गतिरोधक नडला होता. तो मात्र म्हणाला, कुत्रं नव्हतं, गाय होती. सिस्टर म्हणायची, या जिल्ह्यातल्या कुत्र्यांना आधी लायसन द्या.

हसत होतो सगळे. पण हसता हसता माझ्या लक्षात आलं, की प्रत्येकानं कुणाला तरी वाचवायला कुत्रं पुढं केलंय. पोटच्याला, भावकीला, पुढाऱ्याला. आणि मोडलेला पाय ज्याचा, त्याच्या वाट्याला कुत्रं.

भाऊसाहेब भेटायला आले. शहाळं आणलं होतं. स्टुलावर बसले, टोपी काढली, घातली, परत काढली. पाऊसपाण्याचं बोलले. कुठं पडलात हे एकदाही विचारलं नाही, त्यावरून मला कळलं की त्यांना माहीत आहे. तासभर बसून गेले. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

जुळलं नाही

घरी आले. वॉकर धरून ओट्यापर्यंत, मग दारापर्यंत. सगळे म्हणायचे, सुधरतंय. मला मात्र आतून खात्री वाटत नव्हती. पाय टेकला की मांडीत काहीतरी हलल्यासारखं व्हायचं. चौथ्या महिन्यात डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडात धरला आणि जरा जास्त वेळ बघत राहिले.

हाड जुळलं नव्हतं. दुसरं ऑपरेशन करायचं, कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तिथं बसवायचा. त्यानंतरही दिवसभर उभ्यानं काम होईल की नाही, ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. गिरणी म्हणजे उभ्याचंच काम. बाहेर आल्यावर मालक जिन्यात बसले आणि म्हणाले, गिरणी विकू.

त्या दिवशी मी घाबरले. अपघाताच्या दिवशीसुद्धा एवढी घाबरले नव्हते. गिरणी माझी आहे. सासऱ्यांनी ती सुरू केली, पण मी सून म्हणून आले तेव्हा बंद पडायच्या बेतात होती, मी ती उभी केली. मला घरात गिरणीवाली म्हणूनच मान आहे, उगीच का खोटं बोलू? ती गेली तर मी खाटेवर बसून सुनेची वाट बघणारी म्हातारी होणार होते, आणि अजून मुलाचं लग्नसुद्धा व्हायचं होतं.

सुप्याच्या बाईला फोन लावला. ती म्हणाली, ताई, विम्याकडून भरपाई मागा, पण आधी ते कुत्रं मारा.

एजंट आणि वकीलबाई

ही बातमी कुठून फुटली देव जाणे, दुसऱ्याच दिवशी एक माणूस मोटरसायकलवरून दारात हजर. गोड बोलणारा. मालकांना बाजूला घेऊन त्यानं योजना सांगितली. एक पिकअप आहे, विमा चालू आहे, त्या पिकअपनं ठोकलं असं दाखवू. ड्रायव्हर आपलाच. पाव्हण्यांच्या नावाला धक्का नाही, लेकीच्या संसाराला धक्का नाही, सगळं मिळालं की त्याचा वाटा त्याला द्यायचा.

खोटं कशाला सांगू, मलाही ते क्षणभर बरं वाटलं. सगळ्यांचीच सोय होत होती. मग आठवलं, मला दवाखान्यात नेणारं वाहनसुद्धा पिकअपच होतं. खोटं एकदा सुरू झालं की कुणाच्या गळ्यात जाऊन पडेल सांगता येत नाही. मी आतूनच ओरडले की चहा झाला असेल तर पाव्हण्यांना वाटेला लावा. सगळ्या आळीनं ऐकलं. मालक चिडले. म्हणाले, "तुज्या जिभेला हाड न्हाई." मी म्हटलं, मांडीला न्हाई, जिभेला कुठनं येनार?

नेवाशाला कोर्टाजवळ एका वकीलबाईंना भेटले. माझ्या पूनमपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी सांगितलेलं मला समजलं तसं लिहिते, तुमचं तुम्ही विचारून घ्या. गाडी चालती असो की बंद पडलेली, तिच्या वापरामुळं इजा झाली तर मोटार अपघाताच्या न्यायाधिकरणापुढं दावा करता येतो. भरपाई विमा कंपनी देते, मालकाच्या खिशातून जात नाही. पण विमा आणि लायसन दोन्ही चालू पाहिजे. दावा सहा महिन्यांच्या आत लावायचा असतो. आपण राहतो त्या भागातल्या कोर्टातही लावता येतो. ठोकून पळालेली गाडी सापडलीच नाही तर त्याला सरकारी भरपाईची वेगळी वाट आहे. घरातलं माणूसच गेलं तर वारसांना मागता येतं. वकील करायची ऐपत नसली तर कोर्टातच विधी सेवेचं ऑफिस असतं आणि बायकांना तिथं फुकट वकील मिळतो, मिळकत कितीही असो. दुसरं ऑपरेशन कुठल्या सरकारी योजनेत बसतं, तेही त्यांनीच फोन करून विचारलं आणि ते बसलं. गिरणी विकायचं तेवढ्यापुरतं तरी टळलं.

मग मी विचारलं, भाऊसाहेबांचं काय होईल? त्या सरळ बोलल्या. निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला जाईल, जामीन लगेच मिळेल, दंड होऊ शकतो, कोर्टाच्या चकरा होतील. जबाब खराच द्यायचा, खोटा द्यायचा असेल तर माझ्याकडं येऊ नका, हेही म्हणाल्या. आणि कंपनी भांडणार, हे गृहीत धरा. दगडावर पडलात, ट्रॅक्टरवर नाही, असं म्हणतील.

म्हणजे वाट होती. फक्त त्या वाटेवर माझ्या पोरीचं घर होतं.

पूनम कॉटवर बसली

आमच्याकडं अशा गोष्टी मिटवून घेतात. दोन्हीकडची चार माणसं बसतात, चहा होतो, 'जाऊ द्या, सोयरीक हाय' म्हणतात आणि उठतात. मला तसं बसायचं नव्हतं. पण भाऊसाहेबांना पोलिसाच्या तोंडून कळावं, हेही मला पटेना. माणसाच्या पाठीमागं जबाब देणं म्हणजे त्याच्या ताटात माती कालवणं. तेव्हा ऑपरेशनच्या आधी रिक्षा करून त्यांच्या घरी गेले. मालक आले, पण तोंड फुगवून.

पूनमला सातवा लागला होता. मला वॉकरवर बघून तिचा चेहरा पांढरा पडला. विहीणबाईंनी बसायला कॉट दिली, पाणी दिलं. मी पाणी न पिता सांगून टाकलं, कारण पिल्यावर मला बोलता आलं नसतं.

"पाव्हणं, मी पोलिसात खरं सांगनार हाय. तुमाला आधी सांगाय आले."

विहीणबाई भडकल्या. त्यांचंही चुकलं असं मी म्हणत नाही. घराच्या उंबऱ्याला कधी पोलीस लागला नाही, असं त्या म्हणाल्या. दगड काय एकट्या आमच्याच माणसानं लावले का, असं विचारलं. शेवटी म्हणाल्या की पोरगी कुठं दिलीय याचा विचार करून बोला. हे वाक्य माझ्या काळजात घुसलं.

पूनम चहा घेऊन आली. आमच्याकडं सून सासऱ्यापुढं बसत नाही. लग्न झाल्यापासून पूनम भाऊसाहेबांसमोर कधी बसलेली मी पाहिली नव्हती. तिनं कप ठेवले, पदर सावरला आणि माझ्या शेजारी कॉटवर येऊन बसली. माझ्या मोडक्या मांडीवर हात ठेवून खाली बघत राहिली.

मग भाऊसाहेब बोलले.

"दगड म्या लावले, ईनबाई. टायर बसवलं तवा अंधार पडाय लागलेला. मनात आलं हुतं उचलावं. पन कारखान्यावर रांगेतला नंबर जाईल म्हनून निघालो."

मग एवढंच म्हणाले की दवाखान्यात तासभर बसलो, तेच सांगायला आलो होतो, पण तोंडातून निघालं नाही. मला वाटलं, आता ते म्हणतील, जा सांगा. ते तसं काही म्हणाले नाहीत. उठून गोठ्याकडं गेले आणि परत आले नाहीत. आम्ही चहा न पिताच निघालो. पूनम फाटकापर्यंत आली, तिचे डोळे भरले होते. मी रिक्षात ढसाढसा रडले. मालक मला ओरडतील वाटलं होतं, पण त्यांनी पाण्याची बाटली पुढं केली.

ठाण्यात

ज्या दिवशी जबाब द्यायला गेले, त्या दिवशी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढायलाच मला केवढा वेळ लागला. आत गेले तर बाकावर भाऊसाहेब. धुतलेलं धोतर, इस्त्रीचा सदरा, लग्नाला निघाल्यासारखे. त्यांचा जबाब आधीच लिहून झाला होता. वाट न बघता, वकिलाला न विचारता, कुणी न बोलावता येऊन त्यांनी सांगितलं होतं की दगड माझे, मीच न उचलता गेलो.

हवालदारांनी आमच्या दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. इतके दिवस कुत्रं होतं ना, म्हणाले. मालक पुढं झाले आणि म्हणाले, "ते कुत्रं मी सोडलं हुतं, साहेब." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या दिवशी मला त्यांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कधी वाटला नव्हता. ढाब्यावाल्यानं ट्रॅक्टर दुपारभर उभा होता ते सांगितलं. पिकअपवाल्या पोराला फोन केला, तोही आला. ट्रॅक्टरचा विमा आणि भाऊसाहेबांचं लायसन दोन्ही चालू निघालं. देवाचीच कृपा, कारण आमच्याकडं निम्म्या ट्रॅक्टरांचं ते नसतं. भाऊसाहेबांना तिथल्या तिथं जामीन झाला.

विहीणबाई त्यानंतर बरेच दिवस बोलल्या नाहीत. फोन केला तर पूनमकडं द्यायच्या. डोहाळजेवण जवळ आलं, आमंत्रण येतंय की नाही याची मला ऑपरेशनपेक्षा जास्त धास्ती. शेवटी फोन आला. आवाज अजून कडकच होता. म्हणाल्या की ओटी भरायला आई न्हाई तर चार लोक काय म्हनतील, गाडी पाठवतो, या. गेले. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, पायाखाली उशी दिली आणि पहिलं बोलणं काय, तर वॉकरचं रबर झिजलंय, बदला. मी समजले.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. माझ्या मांडीला तेव्हा नवीन हाड बसवलेलं, मी काय कुणाचं करणार? विहीणबाईंनीच सगळं केलं. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, रात्रीची जागरणं, सगळं. नात झाली. तिला घेऊन त्या मला दाखवायला आल्या आणि माझ्याच खाटेवर आडव्या होऊन दुपारभर घोरल्या.

आता

हाड जुळलं. थोडी लंगडते, थंडीत मांडी ठणकते. गिरणीत मी उंच स्टूल करून घेतलंय, निम्मं काम बसून, निम्मं उभ्यानं. बाजरीनंतर चक्की झाडली जाते. मी समाधानी आहे, हे मोठ्यानं सांगते.

बायांनो, गिरणीवर सांगते तेच इथं सांगते. पडलेल्याला आधी दवाखान्यात न्या, मग बाकीचं. जागेचे फोटो काढा, गाडीचा नंबर लिहा, दवाखान्यात पहिल्यांदा विचारतील तेव्हाच खरं सांगा. नंतर खरं सांगायला फार धाप लागते. दारात येणाऱ्या गोडबोल्याला दारातूनच परत पाठवा. आणि ज्याच्यामुळं झालं तो आपला असेल तर त्याला आधी समोर जाऊन सांगा.

दावा चालू आहे. वकीलबाई म्हणाल्या होत्या तसं कंपनीचा वकील भांडतोय. परवा कोर्टात माझी उलटतपासणी झाली. पिंजऱ्यात मला खुर्ची दिली होती. दगडावरून विचारून झालं, उशिरावरून विचारून झालं, कुत्र्यावरून तर भरपूर विचारून झालं. मग तो शांतपणे म्हणाला, भाऊसाहेब तुमचे व्याही? मी म्हटलं, व्हय. अजून येणंजाणं आहे? आहे. नातीच्या बारशाला त्यांच्याकडं जेवलात? जेवले, दोन वेळा वाढून घेतलं. कोर्टात खसखस पिकली.

मग त्यानं जोर लावला. म्हणाला, ज्या माणसामुळं पाय मोडला, गिरणी बंद पडायची वेळ आली, त्याच्या घरी तुम्ही हसतखेळत जेवता. म्हणजे अपघाताची ही गोष्ट तुम्ही दोघांनी मिळून रचलेली आहे. खरं असतं तर तुम्ही त्यांचं तोंड पाहिलं नसतं.

मला कोर्टात हळू बोला असं सांगितलं होतं. मी हळूच बोलले.

"साहेब, त्यांनी खोटं सांगितलं असतं, तर तोंड बघितलं नसतं."

त्यानं कागद खाली ठेवले आणि आणखी काही विचारायचं नाही म्हणाला. मागच्या बाकावर भाऊसाहेब टोपी हातात घेऊन बसले होते. कोर्ट उठल्यावर ते माझ्या आधी बाहेर गेले आणि मला लांब चालावं लागू नये म्हणून गाडी थेट पायरीला लावून उभे राहिले.